एकट्याचे पथ्य तीन दिवसांचे

रक्ततपासणीची तारीख ठरली की सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत तीन दिवसांचे एक व्रत सुरू होते. चहा बिनसाखरेचा होतो. रात्रीचा भात बंद होतो. एरवी चौकातल्या कट्ट्यापलीकडे न जाणारी पावले गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन येतात. चौथ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिले जाते, दुपारी कागद हाती येतो, आकडा बरा असतो. 'बघा, साखर आटोक्यात आहे' असे घरभर सांगून होते आणि संध्याकाळी पाहुण्यांनी साताऱ्याहून आणलेला कंदी पेढ्यांचा पुडा उघडला जातो. व्रताचे उद्यापन होते.

उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळची गोष्ट सांगते. मागच्या महिन्यांचा हिशेब दुसरीकडे लिहिलेला असतो. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातून जितकी साखर फिरते, त्या प्रमाणात ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. 'एचबीएवनसी' ही तपासणी ही चिकटलेली साखर मोजते आणि दोन-तीन महिन्यांची सरासरी पुढे ठेवते. उपाशीपोटीचा आकडा म्हणजे गल्ल्यातली आजची रोकड, तर एचबीएवनसी म्हणजे तिमाहीची खतावणी. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी हा आकडा ७ टक्क्यांच्या खाली असावा असे मानतात. फार वय झालेल्या किंवा इतर गंभीर आजार असलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर तो थोडा सैल ठेवतात.

या खतावणीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासाने दिले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात असे दिसले की एचबीएवनसीचा आकडा एका टक्क्याने कमी असला, म्हणजे ८ ऐवजी ७ असला, तर डोळे आणि मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडण्याचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी असतो. डोळे आणि मूत्रपिंडे तीन दिवसांच्या व्रताला भुलत नाहीत. ती उरलेल्या ३६२ दिवसांचा हिशेब मागतात.

मग ते ३६२ दिवस का निसटतात? याचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे 'जिभेवर ताबा नाही'. डॉक्टर हेच म्हणतात, मुले हेच म्हणतात आणि रुग्णही अपराध्यासारखी मान खाली घालून ते कबूल करतो. पण हे निदान चुकीचे आहे. पाच माणसांच्या घरात चौघांसाठी एक स्वयंपाक आणि एकासाठी दुसरा, ही व्यवस्था कितीही निग्रही माणसाला फार काळ पेलत नाही. एकट्याने पाळायचे पथ्य तीनच दिवस टिकते, कारण ते एकट्याचे असते. मधुमेह एकाच्या रक्तात सापडला तरी त्याचा उपचार साऱ्या घराच्या ताटातून जातो. ही गोष्ट मान्य होत नाही तोवर गोळ्यांचे डोस वाढत राहतील आणि दोषही रुग्णाच्याच माथी बसत राहील.

साखरेच्या गावात

कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठाने उसाचे फड आणि साखर कारखाने आहेत. कऱ्हाड, वाळवा, पलूसपासून मिरजेपर्यंतच्या पट्ट्याचे अर्थकारण ऊस सांभाळतो. साताऱ्याची ओळख कंदी पेढ्याने सांगितली जाते, तर सांगली-तासगावची बेदाण्याने. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. या मातीत गोड हे पाहुणचाराचे, मानाचे आणि सुबत्तेचे चिन्ह आहे. त्यात वाईट काही नाही. पण इथला मधुमेही या सगळ्याच्या मधोमध बसून पथ्य पाळतो, हे विसरून त्याला सल्ला देणे म्हणजे पुरात उभ्या माणसाला पाय कोरडे ठेवायला सांगण्यासारखे आहे.

साधा चहाचा हिशेब घ्या. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीबरोबर एक, सोसायटीत किंवा डेअरीवर एक, दुपारी एक आणि संध्याकाळी कुणाच्या घरी एक. पन्नास ग्रॅम साखर पोटात गेली आणि 'गोड' म्हणून तर काहीच खाल्लेले नाही! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये निरोगी माणसांसाठी दिलेली शिफारस अशी की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवता आली तर उत्तम. पाच कप चहा त्याच्या दुप्पट होतो.

हा चहा नाकारणे वाटते तितके सोपे नसते. दारात आलेल्याला कोरडे पाठवायचे नाही आणि समोर आलेला कप परत करायचा नाही, अशी इथली रीत आहे. त्यातून येते ते वाक्य, 'एवढ्यानं काय हुतंय!' मधुमेहींच्या बाबतीत मराठीतले सर्वांत महागात पडणारे वाक्य बहुधा हेच असावे. जेवणावळीत जिलबी वाढणारा ते म्हणतो, हळदी-कुंकवाला आलेल्या बाईला यजमानीण म्हणते, जत्रेला आलेल्या जावयाला सासरचे म्हणतात. प्रत्येकाचे 'एवढे' छोटेच असते. त्यांची बेरीज मात्र एकाच माणसाच्या रक्तात होते. आग्रह हा प्रेमाचा भाग असेल, तर आग्रह न करणे हाही प्रेमाचा भाग व्हायला हवा. कपात साखर घालण्याआधी 'साखर किती?' हे सर्वांनाच विचारायची सवय घराने लावून घेतली, तर मधुमेह्याला पंगतीत वेगळे पडावे लागणार नाही.

या पट्ट्यातला दुसरा पक्का समज गुळाचा. 'साखर नको, गूळ चालतो' हे वाक्य शिकलेल्या घरांतूनही ऐकू येते. सेंद्रिय गूळ, रसायनाविना केलेला गूळ, काकवी असे त्याचे मानाचे प्रकारही असतात. गुळात थोडे लोह आणि काही खनिजे असतात हे खरे. पण गुळाचा मोठा भाग ही उसातलीच साखर आहे आणि वजनाला वजन धरले तर त्याचे उष्मांक साखरेच्या जवळपासच येतात. गुऱ्हाळावरचा गूळ असो की कारखान्याची साखर, दोन्ही एकाच रसाची लेकरे. रक्ताला त्यातला फरक कळत नाही. बेदाण्याचेही तसेच. द्राक्षातले पाणी गेले, साखर मात्र राहिली. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमहून अधिक साखर असते. मूठभर बेदाणे 'पौष्टिक' म्हणून रोज तोंडात टाकणाऱ्याने ते गोड म्हणूनच मोजावेत.

सांगलीच्या हळदीची कीर्ती मोठी आहे. पण चिमूटभर हळद, कारल्याचा रस किंवा भिजवलेली मेथी घेऊन डॉक्टरांची गोळी बंद करणे हा शुद्ध जुगार आहे. हे पदार्थ जेवणात जरूर असावेत. औषधाची जागा मात्र ते घेत नाहीत.

भाकरीचा हिशेब

माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत ज्वारी-बाजरीची भाकरी हेच पिढ्यान् पिढ्यांचे जेवण. कालव्याचे आणि उपसा योजनांचे पाणी जसजसे आले, तसा ऊस आला, हातात पैसा आला आणि ताटात गव्हाची चपाती आणि पांढरा भात वाढला. आता मधुमेहाच्या निमित्ताने भाकरी परत येते आहे, ही चांगली गोष्ट आहे. तिच्यात तंतू असतात आणि ती पोटाला आधार देते. पण तिच्याबरोबर 'भाकरी कितीही चालते' हा गैरसमजही येतो. ज्वारीच्या पिठाचा सुमारे ७० टक्के भाग पिष्टमयच असतो. मोठ्या तव्यावर थापलेल्या जाड भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागते. अशा दोन भाकऱ्या आणि वर भात म्हटल्यावर साखर चढणारच. घरातल्या वजनकाट्यावर आपल्या भाकरीचे पीठ एकदाच मोजून पाहावे. डोळ्यांचा अंदाज किती चुकतो ते तिथेच कळते.

ताटाची मांडणी मात्र अवघड नाही आणि त्यासाठी बाजारातून काही नवे आणावे लागत नाही. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर: मेथी, अंबाडी, शेवगा, दोडका, काकडी, मुळा. पाव ताट प्रथिने: मटकीची किंवा हुलग्याची उसळ, आख्खा मसूर, कोरेगावचा घेवडा, अंडे, मासे किंवा कमी तेलातले चिकन. उरलेल्या पाव ताटात भाकरी, चपाती किंवा भात. या तिन्हींपैकी एकच घ्यावे, तिन्ही नव्हे. आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असेही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे गल्लीत फिरून यावे. नुकतीच रक्तात आलेली साखर त्या वेळी स्नायू वापरतात.

'आम्ही रानात राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न वीस-तीस वर्षांपूर्वी रास्त होता. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटर देते आणि घर ते बांध अंतर दुचाकी कापते. शेतातले काम हंगामी असते, शरीराची गरज रोजची. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे रोजची वीस-पंचवीस मिनिटे, एवढीच ती गरज आहे. साताऱ्यात हिल मॅरेथॉनसाठी हजारो लोक यवतेश्वरचा घाट धावत चढतात, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पहाटेपासून वर्दळ असते. हे कौतुकाचेच आहे. पण मधुमेहाचे गणित वर्षातून एकदा घाट चढणाऱ्यापेक्षा रोज रात्री गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या जोडप्याच्या हाती अधिक आहे.

उपवासाचे प्रकरण वेगळे. 'एकादशी दुप्पट खाशी' असे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवले आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, रताळे, वर राजगिऱ्याचा गुळातला लाडू. अशा दिवशी साखर चढते. दुसरीकडे कडक उपवास केला आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीसारखे घेतले, तर साखर धोकादायक रीतीने उतरते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने माउलींची पालखी साताऱ्यातून जाते, तेव्हा तिच्यात चालणाऱ्यांत कितीतरी मधुमेही असतात. वारीला निघण्याआधी किंवा उपवास धरण्याआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घेणे हा भक्तीत कमीपणा नाही. शरीर जपले तरच पुढच्या वर्षी वारी घडते.

सडपातळ म्हणजे सुरक्षित नव्हे

घरातल्या बाकीच्यांनी ताट का बदलावे, हा प्रश्न साहजिक आहे. 'त्यांना शुगर आहे, आम्हाला कुठे आहे?' त्याचे उत्तर फार लांब नाही, पुण्यात सापडते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे हाडामांसाने लहान होती, पण त्यांच्या शरीरातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त असा हा भारतीय बांधा. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून किती वेगळे असू शकतात, हे समजायला ते एक चित्र पुरे आहे.

म्हणून 'आमच्या घरात कुणी जाडे नाही' हा दिलासा खोटा ठरू शकतो. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर मुलांचा धोका वाढतो आणि तीच मुले रोज त्याच ताटात जेवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरचे हे लोक कोण? बऱ्याचदा ते मधुमेह्याच्या शेजारी पाटावर बसून जेवणारेच असतात.

आणि उंबरठ्यावरून मागे फिरता येते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अशाच ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोक मधुमेही झाले. ज्यांनी आहार आणि चालण्याची शिस्त पाळली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. गोळीने जेवढा फायदा झाला, साधारण तेवढाच ताटाने आणि पायांनी करून दिला. रुग्णासाठी बदललेला स्वयंपाक म्हणजे उरलेल्या चौघांवर लादलेली शिक्षा नव्हे. औषध न घेता मिळणारा तो त्यांचा प्रतिबंध आहे.

चुलीपुढची रुग्ण

या चर्चेत एक व्यक्ती नेहमी निसटते. मधुमेह घरातल्या कर्त्या पुरुषाला झाला तर त्याच्यासाठी वेगळी भाजी होते, गोळ्यांची आठवण केली जाते, मुलगा दुचाकीवर बसवून दवाखान्यात नेतो. तोच मधुमेह घरातल्या बाईला झाला तर काय होते? ती सगळ्यांना वाढते, सगळ्यांत शेवटी जेवते, आणि उरलेला भात टाकायचा कसा म्हणून तोच संपवते. गोळीची वेळ जेवणाशी बांधलेली असते आणि तिच्या जेवणाला वेळच नसते. सुगीत किंवा लग्नसराईत तिची तपासणी पुढे ढकलली जाते. पायाला जखम झाली तर हळद लावून ती कामाला लागते.

ज्या घरात स्वयंपाक करणारीच रुग्ण असते, तिथे 'स्वतःची काळजी घ्या' हा सल्ला पोकळ ठरतो. तिची काळजी म्हणजे तिच्या जेवणाची वेळ घराने ठरवणे. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणे किंवा तिला आधी वाढणे, इतकी साधी ती गोष्ट आहे. एका घरापुरती ती क्रांती वाटेल, पण तिला एक पैसाही लागत नाही.

पायाकडे कोण पाहणार?

बरीच वर्षे वाढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते. सुरुवातीला मुंग्या येतात, जळजळ होते. मग हळूहळू काहीच जाणवत नाही आणि माणसाला वाटते, त्रास कमी झाला. खरा धोका तिथे सुरू होतो. तुटलेल्या उसाच्या टोकदार धसकटांतून अनवाणी चालताना पाय कापला तरी कळत नाही. चपलेत शिरलेला खडा दिवसभर रुतत राहतो. थंडीत पाय शेकताना कातडी भाजते आणि सकाळी फोड दिसतो. रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, जखम चिघळते आणि ज्या पायाने आयुष्यभर रान तुडवले तो कापायची वेळ येते. यातल्या बहुतेक गोष्टी टाळता येतात.

रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करून उजेडात पाहावेत: तळवा, टाच, नखांच्या कडा, बेचक्या. आजोबांना वाकता येत नाही आणि आजीला नीट दिसत नाही, म्हणून हे काम नातवंडांकडे द्यावे. दोन मिनिटांत होते आणि मुलांची नजर तीक्ष्ण असते. पायताण घालण्याआधी आत हात फिरवून पाहावा. रानातही अनवाणी जाऊ नये. बोटे झाकणारे, मऊ तळाचे, न दाबणारे पादत्राण निवडावे. कुरूप ब्लेडने कापू नये. गरम पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्यावा. लहानशी जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही, किंवा लाली, सूज, वास, पू यांपैकी काही दिसले, तर थांबू नये. 'बघू आठवडाभर' म्हणण्याची चैन मधुमेह्याच्या पायाला परवडत नाही.

साखर उतरते तेव्हा

साखर वाढण्याची भीती सर्वांना असते. ती एकाएकी उतरते तेव्हा काय करायचे, हे मात्र बऱ्याच घरांना ठाऊक नसते. इन्सुलिन किंवा काही ठरावीक प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवले, जास्त कष्ट केले किंवा उलट्या झाल्या तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, एकदम कडाडून भूक, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी रुग्ण स्वतः विचार करण्याच्या स्थितीत नसतो. शेजारच्याला माहिती असणे हेच त्याचे संरक्षण.

कृती साधी आहे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजून कमीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. बरे वाटल्यावर काहीतरी खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. रानात, एसटीत, वारीत मधुमेह्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी असावी. साखरेच्या पट्ट्यात साखर हे औषध ठरण्याची ही एकमेव वेळ.

इन्सुलिनबद्दलची भीतीही घराने मिळूनच घालवायला हवी. 'इन्सुलिन लागले म्हणजे शेवट आला' हा समज उलटा आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनची पहिली सुई मिळाली. त्याआधी अशा मुलांचे मरण ठरलेले असे. तो त्यानंतर तेरा वर्षे जगला. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलांसाठी इन्सुलिन अन्नपाण्याइतके अटळ आहे. त्यांच्यापासून ते लपवणे, लग्न ठरवताना ते दडवणे, कुणाच्या सांगण्यावरून ते बंद करणे जिवावर बेतते.

कृष्णाकाठच्या घरांना आणखी एक तयारी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये सांगली परिसराने महापूर पाहिला. वीज जाते, दवाखान्याची वाट बंद होते. पावसाळ्याआधी नदीकाठच्या प्रत्येक मधुमेह्याच्या घरी पाणी न शिरणारी एक पिशवी तयार असावी: दोन-तीन आठवड्यांची औषधे, इन्सुलिन आणि सुया, साखर तपासायचे यंत्र आणि पट्ट्या, ग्लुकोज, बिस्किटे आणि औषधांची चिठ्ठी. वापरात असलेले इन्सुलिन खोलीच्या साधारण तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. मुदतीसाठी पत्रक पाहावे. वीज नसेल तर कुपी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती मातीच्या मडक्यात ठेवावी आणि ते मडके ओल्या वाळूत ठेवावे. इन्सुलिन उन्हात किंवा बर्फाला चिकटून ठेवू नये.

दवाखान्याने काय करावे?

सगळी जबाबदारी घरावर टाकून व्यवस्था मोकळी होऊ शकत नाही. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई दारोदार अर्ज भरतात, आरोग्य उपकेंद्रांत बोटातून रक्त घेतले जाते. ही सुरुवात चांगली आहे, पण निदान म्हणजे उपचार नव्हे. मधुमेह्याची वर्षातून किमान दोनदा एचबीएवनसी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायाची संवेदना तपासली गेली पाहिजे. पायाच्या तपासणीला लागतात एक नायलॉनचा बारीक धागा आणि एक कंपनकाटा. त्यांना ना वीज लागते, ना मोठा खर्च. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या दोन वस्तू आणि त्या वापरणारा हात असावा, ही मागणी ग्रामसभेतही करता येते.

आणखी एक बदल तर बिनखर्चाचा आहे. रुग्णाला 'गोड बंद करा' असे सांगून पाठवण्याऐवजी डॉक्टरांनी पुढच्या वेळी घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत बोलवावे. तपासणीच्या खोलीत रुग्ण वर्षभरात एखादा तास बसतो. उरलेले सारे तास तो घरात, रानात, कामावर आणि पंगतीत असतो. सल्ला त्या तासांच्या मालकांना द्यायला हवा.

यावर एक आक्षेप येईल की, घराने बदलायचे म्हटले तर रुग्ण हात झटकून मोकळा होईल. तसे होण्याचे कारण नाही. गोळी रुग्णानेच गिळायची आहे, चालायचे त्यानेच आहे, तंबाखूचा बटवा त्यानेच दूर सारायचा आहे. घराने फक्त वाट मोकळी करायची आहे. पेढे, हुरडा, गणपतीतले मोदक यांना आयुष्यातून हद्दपार करायचेही कारण नाही. एक मोदक खायचा, तर त्या जेवणातला भात वगळायचा, आणि तो एक मोदक लपूनछपून न खाता सगळ्यांसोबत बसून चवीने खायचा. चोरून खाल्लेल्या चार मोदकांपेक्षा तो केव्हाही स्वस्त.

पुढची रक्ततपासणी ठरेल तेव्हा तीन दिवसांचे व्रत न धरता जावे. जसे रोजचे खाणे, तसेच रक्त द्यावे. आकडा वाईट आला तर तो डॉक्टरांपुढे आणि घरच्यांपुढे उघड ठेवावा. घरच्यांनी तो पाहून 'तुमची साखर वाढली' असे म्हणू नये. 'आपली साखर वाढली' असे म्हणावे. त्या एका सर्वनामाने उद्याच्या चहातला एक चमचा कमी झाला, तरी उपचार सुरू झाला असे समजावे.